फार्मासिस्टची नोंदणी: परीक्षा कुणाला, रिफ्रेशर कुणाला

प्रश्न असा आहे: "माझं डी.फार्म. २००८ चं. २००९ ला महाराष्ट्राच्या फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी झाली. शेवटचं रिन्यूअल २०१३ पर्यंतचं. लग्नानंतर गाव बदललं, नोकरी सुटली आणि ते राहूनच गेलं. आता तालुक्याच्या गावी मेडिकल टाकायचंय, गाळा बघून ठेवलाय. लोक म्हणतात, आता परीक्षा पास झाल्याशिवाय फार्मासिस्ट होता येत नाही. मला ती द्यावी लागेल का? नाहीतर पुतण्याने २०२३ ला प्रवेश घेऊन २०२५ ला डी.फार्म. पूर्ण केलंय, त्याचं नाव लायसन्सवर लावून सुरुवात करावी का? रिफ्रेशर कोर्सची दोन सर्टिफिकेटं एक ओळखीचे गृहस्थ पैसे घेऊन काढून देतो म्हणतात. ती चालतील ना?"

आधी थेट उत्तर देतो. तुम्हाला ती परीक्षा नाही. पुतण्याला आहे, आणि ती पास होऊन कौन्सिलकडे नोंदणी होईपर्यंत त्याचं नाव लायसन्सवर लावता येणार नाही. ती दोन सर्टिफिकेटं घेऊ नका. खरा रिफ्रेशर एकेका दिवसाचाच असतो आणि तुमच्या बाबतीत तो करण्यासारखा आहे.

तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. फार्मासिस्टच्या नोंदवहीत पहिल्यांदा नाव येणं ही एक, आलेलं नाव तिथे टिकणं ही दुसरी, आणि त्या नावाच्या आधारावर दुकानाचं लायसन्स मिळणं ही तिसरी. एक्झिट एक्झाम, म्हणजे डिप्लोमानंतर नोंदणीआधी द्यायची परीक्षा, पहिलीशी जोडलेली आहे. रिन्यूअल आणि रिफ्रेशर दुसरीशी. तिसरी गोष्ट अन्न व औषध प्रशासनाची, म्हणजे एफडीएची, तिथे कौन्सिलचं काही चालत नाही. पण पहिल्या दोन धड नसतील तर एफडीए तुमचा अर्ज पुढे नेणार नाही.

परीक्षेचा नियम आधी नीट समजून घ्या. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजे पीसीआयने, डी.फार्म.च्या एक्झिट एक्झामचे नियम २०२२ च्या फेब्रुवारीत राजपत्रात आणले. त्याआधी मान्यताप्राप्त कॉलेजातून डिप्लोमा आणि ५०० तासांचं ट्रेनिंग पूर्ण झालं की राज्याच्या कौन्सिलकडे सरळ नोंदणी होत असे. या नियमांनी डिप्लोमा आणि नोंदणी यांच्यामध्ये एक परीक्षा आणली. ती पहिल्यांदा ऑक्टोबर २०२४ मध्ये, ३ ते ५ तारखांना, तीन दिवस तीन पेपर अशी ठरली आणि घेण्याचं काम नॅशनल बोर्ड ऑफ एक्झामिनेशन्स इन मेडिकल सायन्सेसकडे गेलं. परीक्षा पास झाल्यावर मिळणारं पात्रता प्रमाणपत्र राज्याच्या कौन्सिलपुढे ठेवायचं, मग नोंदणी.

यातला कळीचा मुद्दा असा की ही नोंदणीत शिरतानाची अट आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्यात नव्याने नाव नोंदवण्याचं कलम ३२ आणि नूतनीकरणाचं कलम ३४ अशी दोन वेगळी कलमं आहेत. तुमचं नाव २००९ ला त्या वेळच्या पात्रतेवर कलम ३२ खाली नोंदलं गेलं. पुढे फी भरली नाही म्हणून ते काढलं गेलं असेल, तरी कलम ३४ च म्हणतं की असं काढलेलं नाव ठरवून दिलेल्या अटींवर पुन्हा नोंदवहीत घेता येतं. तुमचं काम पुनर्स्थापनेचं आहे, नव्या नोंदणीचं नाही. हा भेद मुद्दाम ठासून सांगतो, कारण गडबड इथेच होते. सायबर कॅफेवाला ऑनलाइन अर्ज भरताना "जुना नंबर आता चालत नाही" म्हणून सरळ नवीन नोंदणीचा पर्याय निवडतो. मग अर्जावर डिप्लोमाचं वर्ष, परीक्षेचं प्रमाणपत्र, सगळं मागितलं जातं, एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी उभ्या राहतात आणि ते निस्तरायला मुलुंडच्या कार्यालयात खेपा माराव्या लागतात. अर्जात तुमचा मूळ नोंदणी क्रमांक टाकूनच पुढे जा.

किती थकबाकी लागेल, उशिराचं शुल्क किती, नाव नुसतं थकीत आहे की नोंदवहीतून काढलेलं आहे, हे तुमच्या नोंदीवर आणि अर्जाच्या दिवशी लागू असलेल्या दरांवर ठरतं. म्हणून पैसे भरण्याआधी नोंदणी क्रमांक देऊन सद्यस्थिती लेखी विचारा, ईमेल चालेल. तोंडी उत्तरावर विसंबू नका. दोन काउंटरवर दोन उत्तरं मिळतात.

कागदपत्रं बहुतेकांना ठाऊक असतात: मूळ नोंदणी प्रमाणपत्र, शेवटच्या रिन्यूअलची पावती, दहावीचं प्रमाणपत्र, डिप्लोमाच्या गुणपत्रिका, आधार, फोटो. अडतं ते नावात. नोंदणी माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने, आणि गाळ्याचा भाडेकरार तिसऱ्याच पद्धतीने, म्हणजे नुसतं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव असा. कौन्सिल आणि एफडीए दोघंही अक्षर न् अक्षर जुळवतात. विवाह नोंदणी प्रमाणपत्र असेल तर त्याच्या आधारावर, नसेल तर नावबदलाचं राजपत्र काढून, कौन्सिलच्या नोंदीत नाव बदलून घ्या आणि ते पुनर्स्थापनेच्या अर्जाबरोबरच करा. नाव बदलून झालं की त्यापुढचा प्रत्येक कागद त्याच स्पेलिंगमध्ये. दुसरी अडचण जुन्या मोबाइल नंबरची. २००९ ला दिलेला नंबर आज दुसऱ्याच कुणाच्या हातात असेल आणि ओटीपी तिकडे जाईल. तो बदलून घेण्याची विनंती सर्वांत आधी करा.

पूर्वीचं नाव नोंदवहीत पुन्हा येईपर्यंत तुम्हीही प्रिस्क्रिप्शनवर औषध देऊ नका. "माझ्याकडे सर्टिफिकेट आहेच की" हे इन्स्पेक्टरपुढे टिकत नाही.

आता रिफ्रेशर. जानेवारी २०१५ मध्ये फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स आले, म्हणजे तुमचं रिन्यूअल संपल्यानंतर. त्यामुळे तुम्हाला ते नवे वाटणं साहजिक आहे. त्यानुसार नोंदणी टिकवण्यासाठी ५ वर्षांच्या मुदतीत किमान २ रिफ्रेशर कोर्स, प्रत्येक किमान एका दिवसाचा, करायचे असतात. एका दिवसात दोन्ही उरकण्याची सोय नियमात नाही. हे कोर्स राज्य कौन्सिलचे असतात किंवा कौन्सिलने मान्य केलेल्या संस्थांचे. नाव नोंदवताना आयोजकाला एवढंच विचारा की हा कोर्स रिन्यूअलसाठी धरला जातो का. कॉलेजं आणि कंपन्या अनेक चांगली सत्रं घेतात, पण प्रत्येक सत्र मोजलं जातंच असं नाही.

सर्टिफिकेट हातात पडल्यावर तिथेच चार गोष्टी तपासा: नोंदवहीतलं नाव, नोंदणी क्रमांक, कोर्सची तारीख, आयोजकाची सही-शिक्का. क्रमांकात एक आकडा चुकला तरी रिन्यूअलच्या वेळी ते सर्टिफिकेट बाजूला पडतं आणि तीन वर्षांनी आयोजकाला शोधून दुरुस्ती करून घेणं फार कठीण जातं.

बहुतेक जण रिफ्रेशरकडे रिन्यूअलचा उपचार म्हणून बघतात. तुमच्या बाबतीत तसं करू नका, असं मी आग्रहाने म्हणेन. दहा-बारा वर्षं काउंटरपासून दूर राहिलेल्या माणसाला काय माहीत नसतं, याचा नुसता अंदाज घ्या.

१ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद लागणाऱ्या औषधांची यादी, लागू झालं. सुरुवातीला त्यात ४६ औषधं होती: पुढच्या पिढ्यांची अँटिबायोटिक्स, क्षयाची औषधं, काही सवय लावणारी औषधं. तुम्ही काउंटरवर होता तेव्हा अल्प्राझोलाम आणि सेफिक्सिम शेड्यूल एच मधल्या, म्हणजे प्रिस्क्रिप्शनवरच द्यायच्या, इतर औषधांसारखी दिली जायची. आज त्यांच्या प्रत्येक विक्रीची वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद लागते: डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, दिलेली संख्या. हे रजिस्टर ३ वर्षं जपायचं असतं. इन्स्पेक्टर आल्यावर खरेदीची बिलं आणि हे रजिस्टर शेजारी ठेवून बेरीज लावतो. खरेदी ३० स्ट्रिप्सची, रजिस्टरमध्ये ११, कपाटात ४. मग उरलेल्या १५ कुठे गेल्या, याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

ट्रॅमाडॉल एच-वनमध्ये तर आहेच, पण २०१८ मध्ये ते अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आलं. त्या कायद्याखालची शिक्षा औषध कायद्यापेक्षा फार कडक आहे, आणि "पाय दुखतात म्हणून आजोबांना दोन गोळ्या दिल्या" हा खुलासा तिथे चालत नाही.

सर्दीच्या बालसिरपात असणारं क्लोरफेनिरामीन आणि फिनिलेफ्रिन यांचं मिश्रण ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचा आदेश २०२३ च्या डिसेंबरात औषध महानियंत्रकांनी दिला. तुम्ही शिकलात तेव्हा हे सिरप दोन वर्षांच्या मुलालाही बिनधास्त दिलं जात होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये १५६ संमिश्र औषधांवर बंदी आली. त्यातली काही नावं तुमच्या तोंडात बसलेली असतील. १ ऑगस्ट २०२३ नंतर बनलेल्या मालापैकी ठरावीक ३०० ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर कोड असतो, तो स्कॅन करून बॅच आणि उत्पादक पडताळता येतो. आणि खोकल्याच्या सिरपात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडून मुलं दगावल्याच्या २०२५ च्या घटनांनंतर सदोष बॅचची सूचना आली की तोच माल शेल्फवरून त्याच दिवशी उतरवून वेगळा ठेवणं आणि वितरकाला लेखी कळवणं हे प्रत्येक दुकानाचं काम झालं आहे. हे ज्याला येत नाही तो रिफ्रेशरला बसूनही शिकला नाही असंच मी म्हणेन.

म्हणून दोनपैकी एक कोर्स कायदा आणि नोंदवह्यांचा निवडा, दुसरा औषधवापराचा: अँटिबायोटिक प्रतिरोध, मधुमेह, इनहेलर किंवा औषधांचे दुष्परिणाम कळवण्याची पद्धत. शेवटच्या विषयात १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री क्रमांक आणि दुष्परिणाम कळवण्याचा फॉर्म कसा भरायचा हे शिकून या. हा फॉर्म फार्मासिस्टही भरू शकतो, डॉक्टरची सही लागत नाही, हे अनेकांना माहीतच नसतं.

पुतण्याकडे वळू. त्याच्या परीक्षेबद्दल घरात जी चर्चा होते, ती सहसा "डिप्लोमा पास झाला म्हणजे हीही होईल" अशी असते. तसं नाही, आणि कारण आकड्यांत आहे. डिप्लोमाला लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत ४० टक्के पुरतात. एक्झिट एक्झामला प्रत्येक पेपरात वेगवेगळे ५० टक्के लागतात, आणि तिन्ही पेपर एकाच प्रयत्नात निघायला हवेत. एकात ७२, दुसऱ्यात ६५ आणि तिसऱ्यात ४८ टक्के पडले, तर पुढच्या वेळी तिन्ही पुन्हा. प्रयत्नांना मर्यादा नाही, ही जमेची बाजू. पण परीक्षा वर्षातून दोनदा किंवा जाहीर होणाऱ्या वेळापत्रकाप्रमाणे असल्याने हुकलेला प्रयत्न म्हणजे सहा महिने किंवा त्याहून जास्त गेले, असं धरूनच नियोजन करावं.

यावरून अभ्यासाचं धोरण ठरतं: आवडत्या विषयात आणखी दहा गुण मिळवण्यापेक्षा सर्वांत कच्चा पेपर साठीच्या घरात आणणं महत्त्वाचं. पहिल्या पेपरात फार्मास्युटिक्स, फार्माकॉलॉजी, फार्माकॉग्नोसी. दुसऱ्यात फार्मास्युटिकल केमिस्ट्री, बायोकेमिस्ट्री, हॉस्पिटल अँड क्लिनिकल फार्मसी. तिसऱ्यात फार्मास्युटिकल जुरिसप्रुडन्स आणि ड्रग स्टोअर मॅनेजमेंट. प्रत्येक पेपर ३ तासांचा, बहुपर्यायी, इंग्रजीत.

इथे विद्यार्थी गोंधळतात, आणि त्यांचा दोष नाही. परीक्षेच्या यादीतली ही नावं १९९१ च्या जुन्या अभ्यासक्रमाशी जुळणारी आहेत. तुमचा पुतण्या २०२० च्या नव्या अभ्यासक्रमातून शिकला. त्याच्या गुणपत्रिकेवर जुरिसप्रुडन्स नाही, फार्मसी लॉ अँड एथिक्स आहे, आणि ड्रग स्टोअर मॅनेजमेंटच्या जागी कम्युनिटी फार्मसी अँड मॅनेजमेंट. मजकूर बराचसा तोच. नव्या अभ्यासक्रमातल्या फार्माकोथेरप्युटिक्सचं नाव यादीत दिसत नाही म्हणून ते पुस्तक बाजूला ठेवणारी मुलं असतात. ते चूक आहे. फार्माकॉलॉजी आणि क्लिनिकल फार्मसीतले रुग्णाचं उदाहरण देऊन विचारलेले प्रश्न त्याच पुस्तकाच्या बळावर सुटतात.

दुसरी अडचण सवयीची. डिप्लोमाच्या ८० गुणांच्या लेखी पेपरात वस्तुनिष्ठ प्रश्न २० गुणांचे. बाकी व्याख्या, आकृती, टीपा लिहून गुण मिळतात. बहुपर्यायी पेपरात अर्धवट आठवणीला गुण नाहीत. चार पर्यायांत दोन जवळजवळ सारखे असतात, आणि फरक एका आकड्याचा असतो. एच-वनचं रजिस्टर ३ वर्षं, शेड्यूल एक्सच्या प्रिस्क्रिप्शनची दुसरी प्रत २ वर्षं. हे दोन आकडे सर्रास अदलाबदल होतात. म्हणून कायद्याचा अभ्यास शेड्यूलचं अक्षर, कशासाठी, कुणी काय जपायचं, किती काळ, असा एका पानाचा तक्ता स्वतःच्या हाताने करून करावा. छापील तक्ता पाठ होत नाही.

गणितं हा हमखास गुणांचा भाग, आणि नेमका तोच सोडला जातो. तीन प्रकार रोज करावेत. पहिला अ‍ॅलिगेशनचा, म्हणजे दोन तीव्रतांची द्रावणं मिसळण्याचा: ९० टक्के आणि ६० टक्के अल्कोहोल मिसळून ७० टक्क्यांचं ६०० मिली हवं. ७० आणि ६० मधला फरक १०, तो ९० च्या वाट्याला. ९० आणि ७० मधला फरक २०, तो ६० च्या वाट्याला. प्रमाण १ : २, म्हणजे ९० टक्क्यांचं २०० मिली आणि ६० टक्क्यांचं ४०० मिली. उलटा ताळा करायचाच: १८० अधिक २४०, ४२० भागिले ६००, बरोबर ७० टक्के. मुलं फरक उलट्या बाजूला लिहितात आणि तो चुकीचा आकडाही पर्यायांत दिलेला असतो.

दुसरा मात्रेचा. १२ किलोच्या मुलाला पॅरासिटॅमॉल किलोला १५ मिग्रॅ म्हणजे १८० मिग्रॅ. सिरप ५ मिलीत १२० मिग्रॅचं असेल तर ७.५ मिली. तेच सिरप ५ मिलीत २५० मिग्रॅचं असेल तर ३.६ मिली. हा प्रश्न परीक्षेपुरता नाही. काउंटरवर आई "नेहमीचं साडेसात मिली" म्हणते आणि बाटली २५० ची गेलेली असते, तेव्हा मुलाच्या पोटात ३७५ मिग्रॅ, म्हणजे दुपटीहून जास्त जातं. बाटली हातात देताना औषधाच्या तीव्रतेचा आकडा आणि मिलीचा आकडा दोन्ही मोठ्याने सांगण्याची सवय त्याला आतापासून लावा. यंगचं सूत्र, म्हणजे वय भागिले वय अधिक १२, परीक्षेसाठी पाठ करू द्या. काउंटरवर मात्रा वजनावरच काढायची.

तिसरा साठ्याचा. किफायतशीर मागणीचं सूत्र: वर्षाची मागणी, एका ऑर्डरचा खर्च आणि २ यांचा गुणाकार, भागिले एका नगाचा वार्षिक साठवणखर्च, त्याचं वर्गमूळ. मागणी १२००, ऑर्डरचा खर्च ५० रुपये, साठवणखर्च १२ रुपये. उत्तर १०० नग. त्याला जोडून एबीसी आणि व्हीईडी विश्लेषणातला फरक, कारण एक किमतीवर चालतं आणि दुसरं औषधाच्या गरजेवर.

अर्ज भरण्याआधी एक गोष्ट तपासून घ्या. त्याच्या कॉलेजच्या त्या वर्षीच्या प्रवेशांना फार्मसी कायद्याच्या कलम १२ खाली पीसीआयची मान्यता होती का, आणि मंजूर जागांपलीकडच्या प्रवेशात तो नाही ना. परीक्षा पास होऊनही नोंदणी अडू शकते ती याच ठिकाणी. ५०० तासांच्या ट्रेनिंगमध्ये निदान २५० तास प्रत्यक्ष प्रिस्क्रिप्शनवर औषध देण्याचे असतात. ज्या दुकानाने ते सर्टिफिकेट दिलं, त्याच्या लायसन्सची आणि तिथल्या फार्मासिस्टच्या नोंदणीची प्रत त्याच्याजवळ असू द्या.

परीक्षा निघेपर्यंत तो तुमच्या दुकानात बसू शकतो का? बिलिंग, खरेदी, एक्सपायरी तपासणं, फ्रिजच्या तापमानाची नोंद, हे तो करू शकतो. प्रिस्क्रिप्शनवर औषध देणं नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीशिवाय नाही. फार्मसी कायद्याचं कलम ४२ नेमकं याबद्दल आहे, आणि २०२३ च्या जनविश्वास कायद्यानंतर त्यातली शिक्षा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी झाली आहे. पूर्वीचा हजार रुपयांचा दंड कुणाला टोचत नव्हता. दोन लाख छोट्या दुकानाचं कंबरडं मोडतात.

त्याला दुसरीही वाट आहे. डी.फार्म.नंतर थेट दुसऱ्या वर्षाला बी.फार्म.ला प्रवेश मिळतो, आणि ही एक्झिट एक्झाम डिप्लोमाच्या पात्रतेवर नोंदणी करणाऱ्यांसाठी आहे. बी.फार्म. पूर्ण करून त्या पदवीवर नोंदणी केली तर तिचा प्रश्न येत नाही. तीन वर्षांचा वेळ आणि खर्च आहे, त्यामुळे केवळ परीक्षा टाळायला बी.फार्म. करू नये. पण त्याला पुढे हॉस्पिटल फार्मसीत किंवा उत्पादनात जायचं असेल, तर डिप्लोमावर थांबू नये असंच माझं मत आहे. दुकान हेच उद्दिष्ट असेल तर परीक्षा द्यावी, आणि लगेच द्यावी. कॉलेज सुटून वर्ष झालं की केमिस्ट्री झपाट्याने विसरते.

लायसन्सवर नाव लावण्याबद्दल आणखी थोडं. तुमच्या भागात कदाचित कुणी सुचवेल की दुसऱ्या कुणा फार्मासिस्टचं सर्टिफिकेट महिन्याला काही हजार देऊन भाड्याने घ्या. ते करू नका, आणि पुढे तुमचंही कुणाला देऊ नका. किरकोळ विक्रीच्या लायसन्सवर ज्याचं नाव, त्याच्या देखरेखीखाली औषध दिलं जायला हवं. चुकीचं औषध गेलं तर जबाबदारी दुकानात न बसणाऱ्या त्या माणसावर येते आणि रुग्णाला विचारायला काउंटरवर कुणीच नसतं. फार्मासिस्ट बदलला तर महिन्याच्या आत एफडीएला कळवणं ही लायसन्सची अट आहे, आणि भाड्याच्या सर्टिफिकेटवर चालणारी दुकानं बहुतेकदा इथेच पकडली जातात, कारण तो फार्मासिस्ट दुसरीकडे रुजू झालेला असतो.

ज्यांच्याकडून सर्टिफिकेटं "काढून देतो" असं म्हटलं जातंय, त्यांना नम्रपणे नकार द्या. खोटी माहिती देऊन किंवा महत्त्वाची गोष्ट लपवून नोंदवहीत आलेलं नाव चौकशीनंतर काढून टाकण्याचा अधिकार कलम ३६ ने कौन्सिलला दिला आहे. फी थकून गेलेलं नाव परत येतं, हे तुम्ही वर वाचलंतच. गैरवर्तनासाठी काढलेलं नाव परत आणणं ही वेगळीच आणि फार अवघड लढाई असते. एका दिवसाचा कोर्स वाचवायला एवढा धोका का घ्यायचा?

कामांचा क्रम असा ठेवा. आधी कौन्सिलकडे नोंदीची सद्यस्थिती आणि मोबाइल नंबर, मग नावबदल आणि पुनर्स्थापनेचा अर्ज, त्याच काळात दोन वेगळ्या दिवशी दोन रिफ्रेशर. वैध प्रमाणपत्र हातात आल्यावरच गाळ्याचा करार. लोक उलटं करतात: आधी गाळा, फर्निचर, फ्रिज, आणि मग कौन्सिलचा कागद येईपर्यंत बंद दुकानाचं भाडं भरत बसतात. गाळा आधीच धरायचा असेल तर मालकाशी "लायसन्स मिळाल्यापासून भाडं सुरू" असं ठरवता येतं का पाहा; तालुक्याच्या गावी अनेक मालक मान्य करतात. गाळ्याचं क्षेत्रफळ किमान १० चौरस मीटर हवं, आणि ते आतल्या बाजूने मोजलेलं. पोटमाळा किंवा जिन्याखालची जागा धरून दहा भरत असेल तर तो गाळा घेऊ नका. अर्ज फॉर्म १९ चा, लायसन्स फॉर्म २० आणि २१ मध्ये मिळतं.

तुम्ही सिंधुदुर्गात असाल आणि उद्या गोव्यात दुकान किंवा नोकरी करायची झाली, तर महाराष्ट्राच्या कौन्सिलकडून ना-हरकत घेऊन नोंदणी गोव्याच्या कौन्सिलकडे हलवावी लागेल. ती विनंती वैध नोंदणीवरच करता येते, म्हणून इथली पुनर्स्थापना आधी.

१९४८ च्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय फार्मसी आयोग आणण्याचा मसुदा केंद्राने २०२३ च्या नोव्हेंबरात लोकांच्या सूचनांसाठी खुला केला होता. त्याचा हवाला देऊन "आता सगळ्यांनाच परीक्षा येणार, आत्ताच पैसे भरा" असं सांगणारे क्लासवाले भेटतील. मसुदा म्हणजे कायदा नव्हे, आणि आज ज्यांचं नाव नोंदवहीत आहे त्यांनी ते वैध ठेवणं हीच कोणत्याही बदलासाठीची सर्वांत चांगली तयारी. पुढचं रिन्यूअल कधी संपतंय ती तारीख प्रमाणपत्रावर छापलेली असते. तिच्या सहा महिने आधीची आठवण मोबाइलमध्ये आजच लावून ठेवा, आणि पुतण्याची नोंदणी झाली की त्याच्याही.